दुसरा ताव

कंपनीत तिला सगळे तक्रारताई म्हणायचे. एकदा टपालवाल्याने दारात उभं राहून "तक्रारताई कुठे बसतात हो?" असं विचारलं आणि ते नाव चिकटलं ते चिकटलंच. तिचं टेबल तळमजल्यावर, जिन्याखाली होतं. वरून कुणी घाईने उतरलं की तिच्या संगणकावर धूळ पडायची. टेबलावर फोन, शेजारी एक लोखंडी पिंप. तुटलेले पाने, वाकलेले स्क्रू-ड्रायव्हर, जबडा उडालेल्या पकडी टपालाने यायच्या. ती पाकीट फोडायची, दोषाचा क्रमांक संगणकात टाकायची, हत्यार पिंपात टाकायची आणि त्या गिऱ्हाइकाला नवं हत्यार रवाना करायची. आयुष्यभराची हमी, असं कंपनीच्या प्रत्येक खोक्यावर ठळक छापलेलं होतं. गोदामवाला म्हणायचा, "आयुष्य कुणाचं, ते मात्र लिहिलेलं नाही. गिऱ्हाइकाचं की पकडीचं?"

तिच्या टेबलामागच्या भिंतीपलीकडे पूर्वी भट्टी होती. तिथे तिच्या वडिलांनी एकतीस वर्षं काढली. घडवलेल्या हत्याराला पाणी द्यायचं काम त्यांचं. लाल झालेलं पोलाद तेलात बुडवून कडक करायचं आणि मग हळू तापवून त्याचा ठिसूळपणा काढायचा. नऊ वर्षांपूर्वी भट्टी बंद झाली. आता हत्यारं समुद्रापलीकडून तयार होऊन कंटेनरने येत. इथे फक्त त्यांना लाल खोक्यात बसवायचं काम उरलं होतं. खोक्यावर जुन्या कारखान्याच्या धुराड्याचं चित्र होतं, आणि माल कुठे बनला ते खालच्या कडेला, मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरांत.

सुरुवातीला आठवड्याला दोन-चार पाकिटं यायची. हल्ली दिवसाला तीस यायला लागली होती. लोक फोन करून एकच विचारायचे, "हे बनतं कुठे हो आता?" त्यावर काय बोलायचं ते तिच्यासमोर प्लॅस्टिकच्या कार्डावर लिहून ठेवलेलं होतं. 'आमची सर्व उत्पादने आमच्या दर्जानुसार बनवली जातात.' हे वाक्य तिच्या जिभेला इतकं वळलं होतं, की शेजारणीने भाजी कुठून आणली विचारलं तरी तोंडात आधी तेच यायचं.

एका मंगळवारी सकाळी फोन वाजला. पलीकडून म्हाताऱ्या माणसाचा, सावकाश बोलणारा आवाज.

"ताई, मी कॅलिपर बनवतो. पायात जोर नसतो ना लोकांच्या, त्यांच्यासाठी. तुमच्याकडे माझी पक्कड आली होती दुरुस्तीला. मोठी, दहा इंची."

"हो काका. तुमचा नंबर सांगा. हं, दिसतंय. तुम्हाला नवी पाठवलीय आम्ही. मिळाली ना?"

"मिळाली, मिळाली. तेच सांगायला फोन केला. तुमच्याकडून चुकून नवी आली. मी खोक्यासकट जपून ठेवलीय, हातसुद्धा लावलेला नाही. ती परत पाठवतो. माझी झाली का तेवढं सांगा."

तक्रारताईने संगणकावरची ओळ पुन्हा वाचली. दोष क्रमांक सात, सांधा ढिला. खाली तारीख. सोबतची चिठ्ठी तिने फाइलमध्ये लावली होती, ती काढली. सुवाच्य अक्षरात लिहिलं होतं, 'रिव्हेट ढिली झाली आहे. नवी रिव्हेट मारून परत पाठवावी. घाई नाही, पण लवकर झालं तर बरं.' तिने फक्त पहिलं वाक्य वाचलं होतं.

"काका, मी बघून सांगते," ती म्हणाली.

ती मागच्या अंगणात गेली. गोदामवाला रिकामं पिंप पाइपने धूत होता.

"यातला माल?"

"शनिवारी गेला की. भंगारवाला घेऊन गेला सगळा. का?"

"एक पक्कड हवी होती."

"आता कुठली पक्कड. एव्हाना तिचा रस झाला असेल."

तरी तिने भंगारवाल्याला फोन लावला. तो हसला नाही, चिडलाही नाही. माल त्याच दिवशी पुढे गेला, वितळवायला, एवढंच त्याने सांगितलं.

तिने कॅलिपरवाल्यांना फोन करून खरं ते सांगितलं. नियम असा आहे की जुनं हत्यार मोडीत निघतं आणि नवं दिलं जातं. आपण चिठ्ठी पुरती वाचली नाही. चूक आपली आहे.

मग ते म्हणाले, "बरं."

"काका, मी खरंच..."

"नाही नाही, तुम्ही तरी काय करणार. तिच्या जबड्यात मी खाच पाडली होती. कॅलिपरच्या गुडघ्याला कुलूप असतं बघा, माणूस उभा राहिला की ते बसतं, त्याची तार वळवायला. तीस वर्षं घासून घासून ती खाच झाली होती. असो. ह्या नवीत पाडतो."

ते ओरडले असते तर तिला बरं वाटलं असतं. ओरडणाऱ्यांची तिला सवय होती.

दहा दिवसांनी ती नवी पक्कड टपालाने परत आली, जबड्याचं टोक उडालेली. सोबत चिठ्ठी होती. 'खाच पाडायला गेलो तर कानस लागेना. तशीच वापरली. तिसऱ्या तारेला तुकडा उडाला. डोळा वाचला.' तिने लगेच दुसरी पाठवली. गोदामात जाऊन, शंभर खोक्यांतून तिच्यापरीने चांगली निवडून. चांगली म्हणजे काय, तर दिसायला. ती तीन आठवड्यांनी परत आली. हिचं काही तुटलेलं नव्हतं, पण जबड्यातले दाते मेणासारखे चेपले होते.

त्या संध्याकाळी दोन्ही पकडी पिशवीत घालून ती घरी घेऊन गेली. घरात ती आणि बाबा दोघंच. बाबा खिडकीपाशी रेडिओ ऐकत बसले होते. तिने पकडी त्यांच्यापुढे ठेवल्या आणि रेडिओ बंद केला.

"कामावरचं घरी आणू नये असं मीच सांगितलं होतं ना तुला?" बाबा म्हणाले, पण हात आधीच पकडीकडे गेला होता. "जा, कानस आण. कपाटाच्या खालच्या खणात आहे."

त्यांनी पहिल्या पकडीवर कानस फिरवली. ती काचेवरून नख फिरावं तशी कर्रकन घसरली. दुसरीवर फिरवली तर कानशीला लोखंडाचा भुगा लागला.

"ही काच आहे आणि ही लोणी," बाबा म्हणाले. "एकाच खोक्यात आल्या?"

"एकाच कंटेनरमध्ये."

"हिला दुसरा ताव दिलेलाच नाही. पहिल्या तावात पोलाद कडक होतं, पण घाबरट होतं. टेकवलं की फुटतं. दुसरा ताव हळू द्यायचा, वाळल्या गवताचा रंग चढेपर्यंत. मग त्याला जरा समज येते." त्यांनी मऊ पक्कड उचलली. "आणि हिला पहिलाच ताव धड बसलेला नाही."

"तिकडच्या लोकांना येत नाही हे काम?"

"येत नाही?" बाबांनी पक्कड उजेडात धरली. "हा सांधा बघ. घडाई बघ. आमच्याकडे इतका सरळ घाव घालणारे दोघंच होते, आणि त्यातला एक दारूने गेला. येतं गं त्यांना. चांगलं येतं."

तिला आठवलं, ऑफिसातल्या खणात एक पक्कड पडून होती. भट्टी बंद झाली त्या वर्षी पहिला कंटेनर आला, त्यातला नमुना. दुसऱ्या दिवशी ती तो घेऊन आली. बाबांनी कानस फिरवली, दोनदा, तीनदा. कानस थोडीशी लागायची आणि अडायची. त्यांनी तिच्यात जाडजूड खिळा धरून तोडला, जबडा अंगठ्याने चाचपला. नऊ वर्षं ते तिकडच्या मालाला नावं ठेवत आले होते.

"ही माझ्या हातची आहे असं कुणी म्हणालं असतं तर मी मान डोलावली असती," ते शेवटी म्हणाले. "हात तेच आहेत. त्यांना दुसरा ताव देऊ नका असं कुणीतरी सांगितलंय."

प्रत्येक मालासोबत तिकडच्या कारखान्यातून तपासणीचा कागद यायचा. तो वाचायचं काम तक्रारताईचं नव्हतं, कुणाचंच नव्हतं; ते कागद जिन्याखालच्याच कपाटात साठत गेले होते. दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत तिने ते काढले. सगळ्यांवर एकच सही होती, बारीक आणि डावीकडे झुकलेली. सहीखाली फोन नंबर. जिन्यावर कुणी नाही हे बघून घेतलं आणि तिने नंबर फिरवला.

पलीकडे बाई निघाली. दोघींना मिळून एकच भाषा येत होती, तीही दोघींना अर्धीच. तरी जमलं. पकडीला दोघींकडे वेगळा शब्द होता, पण 'तुटली' हे दोघींना सांगता येत होतं.

"तुमच्याकडे खूप तुटतात का?" त्या बाईने विचारलं.

"रोज."

"मला वाटलंच होतं." मग ती हळू आवाजात बोलायला लागली. पाच वर्षांपूर्वी तुमच्याकडून पत्र आलं. दुसरा ताव दीड तासाचा होता, तो वीस मिनिटांवर आणा. भट्टी भरलेली असेल तेव्हा आमचे लोक तोही गाळतात. दोन वर्षांपूर्वी पोलादही बदलायला सांगितलं, हलकं घ्या म्हणून. "मी लिहून कळवलं होतं की हे तुटेल. उत्तर आलं की चालेल."

"दुसऱ्या कुणासाठी बनवता का तुम्ही?"

"बनवतो. त्याच भट्टीत. त्यांनी दीड तास ठेवायला सांगितलाय, त्यांच्या तुटत नाहीत." बाई पुढे सांगत गेली. "मी प्रत्येक मालातली एक पक्कड तोडून बघते. तुकडे खणात ठेवते, वर तारीख लिहून. आता दुसरा खण भरत आलाय. आजपर्यंत कुणी विचारायला फोन केला नाही. तुम्ही पहिल्या."

तक्रारताईने विचारलं, "तुम्ही कुठे बसता?"

"जिन्याजवळ," ती बाई म्हणाली, आणि दोघींना हसू आलं.

खरेदीचे साहेब वरच्या मजल्यावर बसायचे. माणूस वाईट नव्हता. तक्रारताईच्या बाबांच्या निरोप समारंभात त्यांनी भाषण केलं होतं आणि बोलताना खरोखर गहिवरले होते. तिने दोन्ही पकडी त्यांच्या टेबलावर ठेवल्या आणि सगळं सांगितलं. त्यांनी मध्ये एकदाही अडवलं नाही.

"ताई, मला ठाऊक आहे," ते म्हणाले. "ते पत्र माझ्याच हातून गेलं. सही माझी, शब्द वरचे."

"मग परत एक पत्र पाठवा ना, साहेब. पूर्वीसारखं करा म्हणून."

"मी काय म्हणतो ते ऐका. शंभरातल्या तीन परत येतात. बाकीचे लोक एक तर वापरत नाहीत किंवा हळहळून गप्प बसतात. वर हे सगळं मांडून झालंय. त्यांच्या दृष्टीने तुमचं टेबल नीट चाललंय, म्हणजे हमी नीट चाललीय."

"एक पक्कड तरी? हा म्हातारा माणूस कॅलिपर बनवतो, साहेब. त्याच्यामागे पंचवीस-तीस माणसं उभी आहेत. म्हणजे उभी राहायची आहेत."

"एका पकडीसाठी भट्टी कोण पेटवणार?" साहेबांनी खण उघडून एक जुना स्क्रू-ड्रायव्हर काढला, लाकडी मुठीचा. "हा तुमच्या बाबांच्या वेळचा. घरी मी हाच वापरतो." त्यांनी तो तिला दाखवला आणि परत खणात ठेवला. दुसरं त्यांना काही दाखवता येण्यासारखं नव्हतं.

घरी येऊन तिने बाबांना सांगितलं. बाबा विचारात पडले. मग उठून स्वयंपाकघरात गेले आणि गॅसच्या शेगडीकडे बघत उभे राहिले.

"काचेसारख्या दोन-तीन घेऊन ये," ते म्हणाले. "पोलाद हलकं असलं तरी आहे तेवढ्यात भागवता येईल. दुसरा ताव मी देतो."

"इथे? गॅसवर?"

"मग काय, भट्टीत देवीची मूर्ती होती का? उष्णता ती उष्णता."

रविवारी सकाळी त्यांनी काम मांडलं. तक्रारताईने गोदामातून स्वतःच्या नावावर तीन पकडी आणल्या होत्या. बाबांनी एकेकीवर कानस फिरवून कडक असल्याची खात्री केली, जबडे पॉलिश पेपरने आरशासारखे चकचकीत केले, कारण रंग चढताना दिसला पाहिजे. शेगडीवर जाड लोखंडी पत्रा ठेवला, त्यावर पहिली पक्कड. कित्येक वर्षांत तिने त्यांना इतकं हुशारीत पाहिलं नव्हतं. ते गुणगुणतसुद्धा होते.

"आता बघ. आधी फिकट पिवळा, मग वाळल्या गवतासारखा. तिथे उचलायची. त्यापुढे तपकिरी होईल, मग जांभळी, मग गेली."

दोघं वाकून बघत राहिले. थोड्या वेळाने तिला जबड्याच्या कडेला पिवळसर झाक दिसली. बाबा हलले नाहीत. झाक गडद झाली.

"बाबा, आला ना रंग?"

"कुठे? अजून पांढरीच आहे."

"नाही हो. पिवळी आहे. तपकिरी व्हायला लागली."

त्यांनी घाईने चिमट्याने उचलली, पण तोवर जबड्यावर जांभळा रंग पसरला होता. तो मात्र त्यांना दिसला. पक्कड हातात धरून ते खुर्चीवर बसले. मोतीबिंदू वाढायला लागून दोन वर्षं झाली होती. पेपर वाचता यायचा, घड्याळ दिसायचं, रस्त्यावरची माणसं ओळखू यायची. पिवळा रंग गेलाय हे त्यांना कळायचं काही कारणच पडलं नव्हतं.

"तू सांग मग," ते म्हणाले. "मी उचलतो."

दुसरी ठेवली. ती सांगायला गेली, पण कुठला पिवळा म्हणजे गवताचा पिवळा? "आता? आता?" बाबा विचारत राहिले, आणि ती "थांबा, अजून थोडं" म्हणेपर्यंत तीही हातची गेली. बाबा चिडले नाहीत. त्यांनी तिसरी पत्र्यावर ठेवली, आच अगदी बारीक केली आणि डोळे मिटून घेतले.

"रंग नको सांगूस. काय काय दिसतंय ते सांग."

ती सांगत गेली. पावसात भिजून वाळलेल्या कागदासारखं. आता मधासारखं, पातळ. "मधासारखं, तोच तो," म्हणत त्यांनी डोळे उघडून पक्कड उचलली. खिडकीत निवायला ठेवली. तासाभराने कानस फिरवली तर ती थोडी लागली आणि अडली. बाबांनी बोटाने तिची पाठ थोपटली. तक्रारताईने ओटा पुसायला घेतला.

दुपारी ते दोघं पक्कड घेऊन कॅलिपरवाल्यांकडे गेले. पत्ता चिठ्ठीवर होता. एका दवाखान्याच्या मागच्या गल्लीत, पहिल्या मजल्यावर एकच लांबट खोली. भिंतीला पोलादी पट्ट्या, चामड्याचे पट्टे, एकेका पायाचे बूट. कॅलिपरवाले तिच्या कल्पनेपेक्षा उंच निघाले, आणि त्यांचे दोन्ही अंगठे टोकाशी चपटे होते. बाकावर चाळिशीतल्या एक शिक्षिका बसल्या होत्या. उजवा पाय सरळ पुढे ठेवलेला, शेजारी उघडं कॅलिपर. गुडघ्याचं एक कुलूप जुनं होऊन सुटायला लागलं होतं, म्हणून दोन्ही बाजूंची नवी करायची होती. वर्गात फळ्यापुढे उभं असताना मागच्या आठवड्यात त्या दोनदा पडल्या होत्या.

"रविवारी बोलावलंय यांनी मला, शाळा बुडायला नको म्हणून," शिक्षिका म्हणाल्या. "मुलांना वाटतं मी मुद्दाम पडते. हसतात आणि मग एकमेकांना चिमटे काढतात."

तक्रारताईने पक्कड पुढे केली. "यांनी स्वतः ताव दिलाय, काका. तुमच्या जुन्या पकडीलाही यांनीच दिला असणार."

दोन म्हाताऱ्यांनी एकमेकांकडे पाहिलं. "तुम्ही होय," कॅलिपरवाले म्हणाले. "बसा ना. उभे का?"

त्यांनी जबड्यात गोल कानशीने खाच पाडली. या वेळी कानस लागली. मग त्यांनी जाड तार धरली आणि मनगट एका झटक्यात फिरवलं. तार वळली. पहिलं कुलूप बसलं. त्यांनी ते चार वेळा उघडून-मिटून पाहिलं. टक, टक असा स्वच्छ आवाज यायचा. बाबा बाकावर शिक्षिकेशेजारी बसून ऐकत होते.

दुसरी तार घेतली. निम्मी वळली आणि पकडीतून सटकली. त्यांनी पुन्हा धरली, जोर लावला, पुन्हा सटकली. पक्कड उजेडाकडे नेऊन बघितली आणि काही न बोलता बाबांच्या हातात दिली. खाचेच्या दोन्ही कडा चेपून बाहेर आल्या होत्या. फुटलं काहीच नव्हतं. तावाने केलं तेवढं केलं होतं. पोलादात पुढे काही नव्हतंच.

बाबांनी अंगठा फिरवला. "यातून काही निघायचं नाही," ते म्हणाले. "माझं चुकलं नाही यात. पण यात काहीच नाहीये."

"तुमचं कसं चुकेल," कॅलिपरवाले म्हणाले.

पुढचा दीड तास ते हातोडीने, टेबलावरच्या शेगड्यात, म्हणजे व्हाइसमध्ये, तार धरून, ठोकून ठोकून दुसरं कुलूप वळवायचा प्रयत्न करत होते. तक्रारताईने शेगड्याचा दांडा घट्ट फिरवून धरला. बाबांनी दिवा धरला, त्यांचा हात अवघडला तेव्हा शिक्षिकेने बसल्या जागेवरून दिवा आपल्याकडे घेतला. तार ठोकली की ती वळायची, पण वळणावर बारीक चिरा पडायच्या. तीन तारा अशा गेल्या. चौथी कॅलिपरवाल्यांनी हातात घेतली, आणि परत खाली ठेवली.

"चिरलेली तार मी तुम्हाला लावणार नाही, बाई," ते शिक्षिकेला म्हणाले. "चालता चालता तुटली तर या वेळी नुसतं पडण्यावर भागायचं नाही. सध्या कुलूप नको. चामड्याचा पट्टा घालून गुडघा सरळ बांधतो. बसताना सोडायचा, उठताना बांधायचा."

"वर्गात? दर तासाला?"

"हो."

"बांधा," शिक्षिका म्हणाल्या. "पण बकल साडीवरून दिसणार नाही असं बघा."

त्यांनी बकल आतल्या बाजूला घेतलं. शिक्षिका उठल्या, पाय काठीसारखा ताठ पुढे टाकत दारापर्यंत गेल्या आणि कठड्याला धरून एकेक पायरी उतरायला लागल्या. तक्रारताई मदतीला पुढे झाली तेव्हा त्यांनी मानेनेच नको म्हटलं. वर तिघंही दारात उभे राहून त्या खाली पोहोचेपर्यंत बघत राहिले.

सोमवारी तक्रारताईने तेवढं एक केलं. त्या दिवशी ज्या एकतीस जणांनी फोन करून विचारलं, त्यांना तिने कार्डावरचं वाक्य न वाचता खरं उत्तर दिलं. माल कुठे बनतो ते सांगितलं. तिथल्या लोकांना काम उत्तम येतं हेही सांगितलं. आणि दुसऱ्या तावाची मिनिटं कुणी कापली ते सांगितलं. बरेच जण "अच्छा" म्हणाले. एकाने विचारलं, "मग आता मला नवी पाठवताय ना?" ती म्हणाली, "हो, पाठवते." दुसरं पाठवायला तिच्याकडे काय होतं?

महिनाभरात फोन जिन्याखालून हलला. आता गिऱ्हाइकांना ध्वनिमुद्रित आवाज उत्तर देतो, त्यात तेच वाक्य आहे. तक्रारताईला खोकी भरण्याच्या विभागात बसवलं. साहेब स्वतः खाली येऊन सांगून गेले, आणि सांगताना त्यांना वाईट वाटत होतं. नाव मात्र तिला सगळे अजून तेच लावतात.

कॅलिपरवाल्यांनी जुन्या बाजारात पक्कड शोधून पाहिली. दोन मिळाल्या, पण दोन्हींचे जबडे झिजलेले; तशांत खाच पाडून ती हाताशी बसायला वर्षं लागतात, आणि आपल्याकडे तितकी आहेत असं त्यांना वाटत नाही. हलक्या तारेची कामं ते अजून करतात. गुडघ्याच्या कुलुपाचं काम आलं की ते मोठ्या शहरातल्या इस्पितळाचा पत्ता लिहून देतात. तिथे पाय यंत्रावर मोजतात आणि यादीत नाव घालतात. शिक्षिकेचं नाव त्या यादीत लागलं आहे. नंबर कधी येईल ते अजून कुणी सांगितलेलं नाही.